काचेच्या पुडीची वेल

मुलांनो, तुमच्यासाठी बशी करायला काचेच्या भट्टीच्या वर्गात गेले. रंगीत काचेची पूड पाहून बोटांनी आपोआप रांगोळीची चिमूट धरली. सपाट काचेवर घातलेल्या वेलीची रेघ जाड पडली, तेव्हा मास्क खाली ओढून मी फुंकर मारायला वाकले.

"काकू, काच आहे ती," शिकवणारी मुग्धा म्हणाली. "छातीत जाईल."

रांगोळी चुकली तरी संध्याकाळपर्यंत पुसली जाते. ही रेघ मात्र वितळून कायमची राहणार, या धास्तीने हात आणखीच थरथरला. व्हिडिओ कॉलवर हा हात मी तुमच्यापासून पदराखाली लपवते.

"पुन्हा घालू?" मी विचारलं.

"राहू द्या, वेलच आहे. सरळ कुठे वाढते?"

भट्टी निवल्यावर बशी अखंड निघाली. वेल एवढी का थरथरली, हे विचारलंत तर खरं सांगेन.