हाउसफुल्लचा निकाल

"परवा चौदा, काल अकरा, आज नऊ," त्याने वहीतून वाचून दाखवलं. "याला काय म्हणतात?"

"नको तिथे नाक खुपसणं म्हणतात," बायको म्हणाली. "मला एवढंच सांगा, दुकानाची जागा सोडतोय असं मालकाला कुणी सांगितलं?"

"मीच. महिनाअखेरीला सोडू म्हटलं. फ्लॉप गोष्ट लवकर उतरवावी, तेवढीच अब्रू वाचते."

"कुणाची?"

"घराची," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तो बोलतोय तर ऐकून घे गं. त्याचा अंदाज आजवर चुकलेला नाही."

अंदाज चुकायला माणूस आधी कशात तरी उतरावा लागतो. हा सत्तावीस वर्षं चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीत बसला. गल्लीने त्याचं नाव 'हाउसफुल्ल' ठेवलं होतं आणि ते कौतुकाने ठेवलंय अशी त्याची समजूत होती. पिक्चर तो क्वचितच बघायचा. शुक्रवारी पहिला खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्यांची तोंडं न्याहाळायची, वहीत आकडा टाकायचा आणि मॅनेजरच्या आधी निकाल जाहीर करायचा. निकालाच्याही पायऱ्या होत्या. कुणाला पत्ता न लागता गेला तो 'झोपला'. मोठा हीरो असून गेला तो 'आपटला'. नुसता 'पडला' म्हटलेला एखादा दुसऱ्या आठवड्यात उठून उभाही राहायचा. पण 'फ्लॉप' म्हटलं की विषय संपला. त्या शब्दाच्या शेवटी त्याचे ओठ असे मिटायचे, जसं काही खिडकीची फळी खाली पाडली.

पुढे चित्रपटगृहालाच कुलूप लागलं. त्याला मात्र त्याने फ्लॉप म्हटलं नाही. "जमाना बदलला," म्हणाला. आणि शब्द घेऊन घरी आला. मेहुण्याचा संसार फ्लॉप. शेजारणीने गुडघा बदलून घेतला, तो फ्लॉप. मुलीने कॉलेजात घेतलेला विषय फ्लॉप. दूध नासलं तरी फ्लॉप. स्वतःच्या नावावर पडण्याजोगं काही त्याने होऊच दिलं नव्हतं. वर प्रोजेक्टरचं मशीन चालवायला शिकतोस का, असं विचारलं तेव्हा डोळे बिघडतील म्हणाला. मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा कोण लोकांच्या शिव्या खाणार म्हणाला. खुर्चीला चिकटलेला माणूस पडणार कुठून? एवढ्या भांडवलावर तो जगाला नापास करत फिरायचा.

बायकोने बावीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात कॉलरी बसवल्या आणि पन्नाशीला बायकांचे कपडे ढिले-घट्ट करून द्यायचं स्वतःचं दुकान काढलं. एक मशीन, एक आरसा, पडद्याआड मापं घ्यायला हातभर जागा. तिसऱ्याच दिवशी त्याने दुकानाचा निकाल जाहीर केला होता. हे गिऱ्हाइकांचे आकडे नवऱ्याला मिळतात कुठून, हे तिने विचारलं नव्हतं. जाता-येता डोकावत असेल, असं धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौघीच आल्या. पाचवी जवळच्या दवाखान्यातली नर्स. गणवेशांची पिशवी टेबलावर ठेवून ती हळूच म्हणाली, "मावशी, समोरच्या बाकावर बसतो तो कोण हो?"

"कोण बसतो?"

"तो काय, वहीवाला. तुम्ही दुकान उघडल्यापासून बघतेय. आत शिरणाऱ्या बाईकडे टक लावून बघतो, बाहेर पडली की पुन्हा बघतो आणि काहीतरी लिहून घेतो. आमच्या वॉर्डातल्या दोघी दारापर्यंत येऊन परत गेल्या. मापं द्यायची आणि हा मेला समोर. पोलिसात का देत नाही?"

बायकोने पडदा सारून पाहिलं. हाउसफुल्ल पायावर पाय टाकून बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर वही, शेजारी घरून आणलेली पाण्याची बाटली. रस्त्याने येणारी एक मुलगी त्याला बघून थबकली आणि सरळ पुढे निघून गेली. तो मान हलवत बसला. आपला अंदाज बरोबर निघाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

"ओळखता का त्याला?" नर्सने विचारलं.

नवरा म्हणायला बायकोची जीभ रेटली नाही. "तोंडओळख आहे," ती म्हणाली. "बघते त्याच्याकडे. तू उद्या मैत्रिणींना घेऊन ये."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्याने वही उघडलेलीच होती. "आज सात. मी म्हटलं नव्हतं..."

"मिटा ती," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, पण बसली नाही. "आई, तुम्हीही ऐका. मालकाला मी फोन केलाय, जागा सोडत नाही. आणि यांनी उद्यापासून त्या रस्त्याला फिरकायचं नाही. बायका यांना पोलिसात द्यायला निघाल्या होत्या, यांना बघून दारातून परत जात होत्या. आज मी सांभाळून घेतलं, पुन्हा घेणार नाही."

"मी फक्त मोजत होतो," तो म्हणाला.

"अगं, मग तो दिवसभर करेल काय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला एक वाजता गोळी देतील, वाळलेले कपडे काढतील, रात्रीचा स्वयंपाक करतील. मी साडेसातला येईन. तेव्हा पानं वाढलेली हवीत."