दिराचा पहारा

मार्सालीचा थोरल्या दिरावर, फिनलेवर, तो जिवंत होता तोवर राग होता. तो मेल्यावर वाढला. तिच्या जागी कुणाचाही वाढला असता.

त्यांच्या बेटावर झाड औषधालाही नाही. दगडी भिंती कुणीही रचेल, पण छपराचं लाकूड म्हणजे जीव. वाटणीत फिनलेने ‘तुळया बापाच्या, म्हणजे माझ्या’ म्हणत ऐन हिवाळ्यात तिच्या घरावरच्या तुळया उतरवून नेल्या. आत गुरं आणि माणसं एकत्रच भिजली. तिचा नवरा इव्हर खोकून खोकून गेला.

आणि इथली रीत अशी, की शेवटी पुरलेल्याने दफनभूमीच्या फाटकावर पहारा द्यायचा, पुढचा मुडदा येईपर्यंत. इव्हरनंतर कुणी मेलंच नाही. वारा सुटला की मार्साली विस्तवापाशी बसून धुमसायची. मरेपर्यंत खोकला, आता मेल्यावरही वाऱ्यातच!

मग फिनले गेला. त्याची बायको पलीकडच्या बेटावर पुरलेली, म्हणून मुलं त्यालाही तिकडेच नेणार होती. पण पेटीला लाकूड नव्हतं आणि समुद्र खवळलेला. मार्सालीने मात्र किनाऱ्याला लागलेल्या फळ्या स्वतःच्या पेटीसाठी छपरात जपून ठेवल्या होत्या. पुतण्यांकडे ती आपणहून गेली.

“माझ्या फळ्या घ्या. पण त्याला इथंच पुरायचं, आणि आजच.”

धाकट्याने मान खाली घातली. “काकू, बाबांनी तुमचं जे केलं...”

“ते मला नको सांगूस. खिळे आण.”

बायकांनी पदराला डोळे पुसले. केवढं मन म्हणाल्या. रीतीप्रमाणे मुडद्याच्या छातीवर मीठ ठेवायला मार्साली वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “माझ्या नवऱ्याला मोकळं करा. आता तुम्ही उभे राहा, भावोजी.”

बायका दफनभूमीत जात नाहीत. पेटी टेकडीआड जाईपर्यंत ती दारातच उभी होती. त्या रात्री ती गाढ झोपली.

तेव्हापासून मार्साली बेटाची माउली झाली. कुणी शिंकलं तरी ओटची पेज घेऊन दारात हजर. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बेथागने एकदा हात जोडले. “पुरे गं बाई. जाऊ दे मला आता.”

मार्सालीने चमचा तिच्या ओठांशी नेला.

“हिवाळा सरेपर्यंत नाही. बाहेर गारा पडतायत, आणि तो उभा आहे. गीळ.”