मामांचा कर्मणी प्रयोग

साऱ्या बेळगाव जिल्ह्यात आजवर कुणीही स्वतःच्या हातानं काहीही केलेलं नाही, जे झालं ते आपोआप केलं गेलं, असं ज्यांच्या बोलण्यावरून वाटावं असे एकच गृहस्थ मी पाहिले, ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो. वडगावात त्यांचे साड्यांचे माग. मराठी खणखणीत, कानडी त्याहून झकास. पण जरा महत्त्वाचं बोलायची वेळ आली की मामा इंग्रजीत शिरतात, आणि त्या इंग्रजीच्या अंगावर दोनच दागिने: एक ‘ऑल्दो’ आणि दुसरा कर्मणी प्रयोग. तरुणपणी खडेबाजारातल्या एका मास्तरांच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात त्यांनी नाव घातलं, तेव्हा वर्ग निम्म्यावर आला होता. त्या आठवड्यात नेमके हेच दोन धडे चालू होते. पुढच्या आठवड्यात मास्तरांना गोव्यात नोकरी लागली आणि वर्गाला कुलूप पडलं. हाती लागलं तेवढ्यावर मामांनी जन्म काढायचं ठरवलं.

सकाळी ताटली पुढ्यात आली की सुरुवात. “ऑल्दो द पोहे वेअर मेड, नो सॉल्ट वॉज पुट.” म्हणजे पोहे केले गेले खरे, मीठ मात्र घातलं गेलं नाही. आत्याला इंग्रजी येत नाही, पण ‘ऑल्दो’ कानावर पडलं की पुढं काहीतरी उणं निघणार हे तिला पक्कं ठाऊक. “अवो, काय ऱ्हायलं ते मराठीत सांगा की!” ती आतून ओरडते. मामांचं म्हणणं, मराठीत सांगितलं की भांडण लागतं. “तू मीठ घातलं न्हाईस म्हटलं की बाईमाणूस पेटतंय. मीठ घातलं गेलं न्हाय म्हटलं की गुन्हेगार कोण? बिचारं मीठ!” एकदा त्यांच्याच कोपराचा धक्का लागून आत्याच्या माहेरची बरणी फुटली. “द बरणी वॉज ब्रोकन,” असं त्यांनी जाहीर केलं आणि फोडणाऱ्याच्या शोधात ते स्वतः घरभर हिंडले. नाटक म्हणून नव्हे, अगदी मनापासून.

धंद्यातही तेच. चिकोडीच्या एक बाई साडी घ्यायला आल्या होत्या. मामांनी उलगडलेल्या साडीत काठाजवळचा एक धागा सुटला होता. दोष लपवणं मामांच्या स्वभावात नाही. ते गंभीर होऊन म्हणाले, “ऑल्दो द सारी वॉज वोव्हन, वन थ्रेड वॉज फरगॉटन.” बाईंना वाटलं, हे साडीच्या नव्या प्रकाराचं नाव. त्यांनी ती घेतलीच, वर बहिणीसाठी तसलीच आणखी एक मागितली. मग आत जाऊन एका चांगल्या साडीतला धागा मामांनी ओढला. म्हणजे, ते सांगतात त्याप्रमाणे, तो ओढला गेला.

आमची आत्येबहीण शैला ही मामांची एकुलती लेक. तिला बघायला निपाणीची मंडळी आली त्या दिवशी मी तिथं होतो. मुलगा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत इंजिनिअर, बोलायला नम्र. त्याच्याबरोबर वडील आणि एक काका, आणि सगळं बोलणं काकांकडेच होतं. शैलाला हुबळीच्या एका शाळेनं शिकवायला बोलावलं होतं, पण आत्यानं तो विषय शिऱ्याच्या वाफेत विरून जाऊ दिला होता. शिरा झाला, घराण्यांची चौकशी झाली, दूरचं एक नातंही निघालं. काकांनी मिशीवरून हात फिरवला. “मग काय, सुपारी फोडायची न्हवं?”

सगळे मामांकडे बघायला लागले. मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “ऑल्दो द बॉय हॅज बीन लाइक्ड, द गर्ल हॅज नॉट बीन आस्क्ड.”

काका वडिलांकडे बघायला लागले, वडील मुलाकडे. मुलानं हळू आवाजात सांगितलं, “मुलगा पसंत हाय, पण मुलीला इचारलं गेलं न्हाय, असं म्हणतात ते.”

“अवो,” आत्या कडाडली, “कुणी इचारलं न्हाय?”

एवढ्या वर्षांत मामांच्या वाक्याचा कर्ता कुणी मागितला नव्हता. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, शिऱ्याच्या ताटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, “बाय मी.” आणि लगेच मराठीत, “मी. मी इचारलं न्हाय.” ते शैलाकडे वळले. “आता इचारतो बाळ. तुला काय पायजे गं?”

“आप्पा, मला हुबळीला जायचंय,” शैला म्हणाली. “लगीन आत्ताच नको.”

काका ताडकन उठले. वडील त्यांच्यामागं उठले. मुलगा मात्र बसूनच होता. “मलाबी कुणी इचारलं न्हवतं,” तो म्हणाला आणि उरलेला शिरा त्यानं शांतपणे संपवला.

त्यानंतर आत्यानं बरेच दिवस मामांशी अबोला धरला. जेवणाची वेळ झाली की ती भिंतीकडे बघून म्हणायची, “वाढलं गेलंय!” आपण कुणाची भाषा बोलतोय हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि ते तिला सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. तरी शैलाची ट्रंक भरताना चकल्यांचा डबा सगळ्यात वर ठेवला तो तिनंच.

निघायच्या दिवशी शैलाला पोचवायला मामा आणि मी स्टँडवर गेलो. ट्रंक वर चढवली. शैला खिडकीशी बसली. मामांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला, ओठ हलवले, आणि मला वाटलं, आता एखादं लांबलचक इंग्रजी वाक्य येणार. “पोचलीस की फोन कर,” एवढंच ते म्हणाले. बस वळून दिसेनाशी झाली. पुढची बस लागली, तिचा कंडक्टर ‘धारवाड, हुबळी’ ओरडायला लागला, तरी मामा तिथंच उभे.

“चला मामा,” मी म्हटलं.

“व्हय, चल.”

मी ‘ऑल्दो’ची वाट बघत होतो. ते आलं नाही. स्टँडबाहेरचा रस्ता ओलांडताना मामांनी माझा दंड धरला. पलीकडं पोचल्यावरही त्यांनी तो सोडला नाही.