वर्तणुकीचा रकाना

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. अजीमभाईंनाही नाही, आणि ते तर कितीतरी वर्षं ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसत होते. निवृत्तीच्या समारंभात लोक माझ्याबद्दल काय काय चांगलं बोलत होते, तेव्हा एकदा तोंडाशी आलं होतं — गिळलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापुढं जमेल कदाचित.

कंधारच्या एका शाळेत मी हेडमास्तर होतो. उन्हाळा म्हणजे मास्तरांची चंगळ, असं लोकांना वाटतं. मास्तरांची असेल, हेडमास्तराची नसते. वर्ग ओस पडतात, पण ऑफिस चालूच. डोक्यावर पंखा गरम हवा फेकतोय, आणि पुढ्यात निकालपत्रकं. अजीमभाई आमचे क्लार्क. शाळा सोडल्याचे दाखले तेच लिहायचे. त्यांची एक पद्धत होती. मे महिन्यातच कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' असं लिहून ठेवायचे. नाव नाही, जन्मतारीख नाही — वर्तणूक मात्र चांगली! मी हसलो की म्हणायचे, "सर, लेकरू कोणतं बी असू द्या, चांगलंच लिहायचं हाय ना? मग आत्ताच लिहून ठिवतो की."

आता गंगाधर. नाव घेतलं तरी अजून तोंड कडू होतं. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, आम्ही दोघांनी शाळा चालवली होती. एका डब्यात जेवलो. वाऱ्यानं पत्रा वाजला की लेकरं बाहेर पळायची, आणि त्यांच्या मागं आम्हीही. पुढं दोघंही कंधारला आलो. मी हेडमास्तर झालो, आणि त्यानं नोकरी सोडून लातूरला क्लास काढला. ते दिवसच क्लासचे होते. लातुरात भिंत मोकळी दिसली की तिच्यावर पोरांचे फोटो आणि टक्के. त्याची बायको आणि मुलगी मनीषा कंधारलाच राहिल्या. मनीषा आमच्याच शाळेत होती.

मला हेवा वाटला का? वाटला. नाही कशाला म्हणू? पण नुसत्या हेव्यापायी मी ते केलं नसतं.

एकदा शाळेच्या सत्कार समारंभाला मी त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. हारही मीच घातला. त्यानं माईक घेतला आणि हसत म्हणाला, "शिकायचं क्लासला, शाळेत नुस्ती हजेरी. आमच्या हेडमास्तरांना आता काय काम हाय? दाखल्यावर सही ठोकायची, बस!" मंडप हसला. पालक हसले, विद्यार्थी हसले, माझे शिक्षक हसले. पहिल्या रांगेत माझी बायको खाली मान घालून बसली होती. आणि मी? मी पण हसलो.

त्याच वर्षी मनीषा दहावी झाली. मार्क उत्तम. लातूरच्या कॉलेजात जायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं. दाखल्याचा अर्ज आला तेव्हा अजीमभाई भाचीच्या शादीसाठी भोकरला गेले होते. मी गठ्ठा काढला. वरच्या सगळ्या दाखल्यांवर 'चांगली'. तळाशी थोडे कोरे होते, त्यातला एक ओढला. इथं हात थरथरला असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं — नाही थरथरला. वर्तणूक: असमाधानकारक. खाली सही ठोकली. रजिस्टरात मात्र तिच्या नावापुढं 'चांगली' लिहिलं. का? उद्या कुणी विचारलंच, तर घाईत चूक झाली म्हणायला!

तिची आई येऊन पाकीट घेऊन गेली. उघडूनही बघितलं नाही तिनं.

मला त्या पोरीचं वाटोळं करायचं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मला तो हवा होता. तणतणत यावा, टेबलापुढं उभा राहावा, "तेवढं दुरुस्त करा" म्हणावा — आणि मी त्याला दोन तास बाहेरच्या बाकावर बसवावं. दुरुस्त दाखला मी तयार करून ड्रॉवरमध्ये ठेवलाही होता.

मग चार दिवस इस्लापूरला मेहुण्याकडं गेलो. आंबे खाल्ले. सहस्रकुंडच्या धबधब्याची धार बारीक झाली होती, खडकावर पाय सोडून बसलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, एकटेच काय हसून राहिलात?" इतका सुखाचा उन्हाळा मला दुसरा आठवत नाही.

परत आलो. गंगाधर आला नाही. शाळा उघडली, तरी नाही. प्रवेशाच्या तारखा उलटल्या. मला उलट संतापच आला — याला काहीच कसं वाटत नाही? पुढं कळलं, मनीषाचं शिक्षण सुटलं. अठरावं सरताच देगलूरकडं लग्न लावून दिलं. ड्रॉवरमधला दाखला मी फाडून टाकला. त्यांचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. का गेलो नाही? गेलो असतो तर हरलो असतो — असंच वाटायचं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मनीषा ऑफिसात आली. नवऱ्याची बदली कंधारला झाली होती, लेकीचं नाव पाचवीत घालायचं होतं. अजीमभाई जेवायला घरी गेले होते. फॉर्म भरून झाला तरी ती उठेना.

"सर, एक विचारू? बाबांनी दाखला वाचला आन् म्हणले, तो माणूस खोटं लिहिणारा न्हाई, भूकंपात मी बघितलंय त्याला. मग कॉलेजचं नाव बी काढू दिलं न्हाई, लई दिवस माझ्याशी बोललेच न्हाईत." तिनं शेजारी उभ्या लेकीला जवळ ओढलं. "मी लई इचार केला, सर. आम्ही तिघीजणी एकदा तास बुडवून किल्ल्यावर गेल्तो, बोरं खायला. तेच ना?"

काय अवघड होतं? रजिस्टर मागच्या कपाटात होतं. उठून फक्त पान दाखवायचं होतं. पण खरं सांगू? त्या क्षणीही मला ती दिसलीच नाही. तो दिसला, माईक धरून हसणारा. आता हा मला खोटारडा म्हणणार, एवढंच डोक्यात आलं.

"हाव," मी म्हणालो. "तेच."

तिनं मान हलवली. "चुकलंच माझं," म्हणाली, आणि लेकीला पुढं करून म्हणाली, "सरांच्या पाया पड."

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.