नवनाथचा ट्रायलोबाइट

मारुतराव भालेराव दौंडला रेल्वेत फिटर होते आणि त्यांना नाद होता ट्रायलोबाइटचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सरपटणारा, खेकड्या-झिंग्यांचा हा लांबचा भाऊबंद आता दगड होऊन उरलाय. आपल्याकडच्या काळ्या खडकात तो सापडत नाही. म्हणून मारुतराव रेल्वेच्या पासावर कालक्यापर्यंत आणि तिथून बसनं थेट हिमाचलातल्या स्पितीत जायचे. तीन खेपांत सात दगड मिळाले, पण सगळे तुटके. कुणाला डोकं नाही, कुणाला शेपूट नाही.

खुटबावचा नवनाथ त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. दगड ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. २००३ साली त्याच्या जहाजावरच्या मेव्हण्यानं मोरोक्कोहून एक ट्रायलोबाइट आणला. नवनाथ तो रुमालात गुंडाळून घेऊन आला.

"आप्पा, खरा हाय का बघा. नकली लई असत्यात म्हणं."

मारुतरावांनी भिंग लावलं. अख्खा होता. डोळ्यातले बारीक मणीसुद्धा मोजता येत होते. तापवलेली सुई टेकवली. नकली, राळेचा असता तर वितळला असता. दगडाला काही झालं नाही. आपण दरडींवर गुडघे फोडून घेतले आणि याला घरबसल्या मिळाला.

"नकली हाय," ते म्हणाले.

नवनाथ चहा पिऊन गेला. आठ दिवस मारुतरावांना फार बरं वाटलं.

दिवाळीत ते खुटबावला फराळाला गेले, तर नवनाथची धाकटी हर्षदा भातुकलीत त्याच दगडानं शेंगदाणे कुटत होती. एक डोळा उडाला होता. मारुतरावांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. खरा होता, मला बघवलं न्हाई, असं त्यांनी नवनाथला सांगून टाकलं.

नवनाथनं लेकीला आत पाठवलं. "तुमी म्हणालात म्हणून दुसऱ्या कुणाला इचारलंबी न्हाई, आप्पा."

अंगणात डोळ्याचा तुकडा सापडला. मारुतरावांनी दगड घरी नेऊन, तीन रविवार खपून तो बसवला. चौथ्या रविवारीही दगड त्यांच्याच कपाटात होता. कधी देणार, असं बायकोनं, पार्वतीबाईंनी विचारलं, तेव्हा कुठं त्यांनी पॅसेंजर पकडली.

नवनाथनं दगड घेतला, पाणी दिलं. पुढं बोलणं कामापुरतं राहिलं.

काही वर्षांनी पाबळच्या एका प्रदर्शनात तो दगड मांडला होता. सगळी गर्दी त्याच्यापुढंच. मारुतराव मागं उभे राहिले. त्यांनी बसवलेल्या डोळ्याचा जोड कुणालाच दिसला नाही. चिठ्ठीवर नाव होतं फक्त नवनाथचं, आणि ते मारुतरावांना एसटीत दौंड येईपर्यंत टोचत राहिलं.