आमच्या कुत्र्याला कोणी मारलं

आमचा म्हातारा कुत्रा मागच्या उजव्या पायानं लंगडायला लागला, तेव्हा मी पहिला संशय शेजाऱ्यावर घेतला. त्याच्या कोंबड्या होत्या, आणि कुत्रा कुंपणापाशी गेला की तो काठी आपटायचा. मी केनवडला शाळेत शिकवते. रोज खोटी कारणं ऐकून कोणाच्याही बोलण्यावर माझा लवकर विश्वास बसत नाही.

"तुमी मारलं का त्याले?" मी सरळ विचारलं.

"नाही बाई. मुक्या जनावराले मी कायले मारू?" बोलताना त्यानं कोंबड्यांकडे पाहिलं. मला तेवढं पुरलं.

कुत्रा सकाळी उठताना कण्हायचा. माझ्या गुडघेदुखीची गोळी घरात होतीच. रोज अर्धी पोळीत घालून दिली. दोन दिवस तो बरा चालला. चौथ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं, ओकला, शी डांबरासारखी काळी झाली. मारून भागलं नाही म्हणून आता विष घातलं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. पुरावा म्हणून ओकारी डबीत भरून ठेवली.

मालेगावला न्यायला ऑटो मिळेना. शेजारी आपण होऊन मालाची गाडी घेऊन आला. मी बसले, पण वाटभर मनात एकच, हा काहून येऊन राह्यला?

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय हळूच मागे ओढला. खुब्यापाशी कुत्रा कळवळला.

"हा मार नाही. वयानं सांधा झिजला." मग त्यांनी फिकट पडलेल्या हिरड्या पाहिल्या. "घरी काय दिलं याले?"

मी डबी पुढे केली. त्यांनी ती उघडलीही नाही. "दुखण्याची गोळी दिली का?"

"माझीच, गुडघ्याची. रोज अर्धी," मी म्हणाले.

"माणसाच्या गोळीनं त्याच्या पोटात जखमा होतात. मांजर असती तर याहून वाईट. परत देऊ नका."

कुत्र्याला सलाइन लागलं. त्याचं डोकं शेजाऱ्यानं धरलं होतं. त्यानं सगळं ऐकलं.

परतताना मी म्हणाले, "चुकलं माझं."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "उन्हाळ्यात एकडाव ढेकूळ फेकलं होतं मी. लागलं नाही त्याले."

लागलं नाही, हे खरं की नाही, मी विचारलं नाही. कुत्रा आठवड्यात खायला लागला. थंडीत अजून लंगडतो.