मुळ्याचा पाला

यशोदा करमाळ्याची. वडील तिथल्या शाळेत मास्तर. तेराव्या वर्षी, एकोणीसशे बावीस साली, ती लग्न होऊन सोलापुरात शुक्रवार पेठेत आली. नवरा वेणीमाधव कचेरीत कारकून. सासरे आधीच वारलेले, घरात सासूबाईंचा शब्द. त्यांना सगळे माई म्हणत.

चौथ्या दिवशी पानात मुळ्याच्या पाल्याची भाजी आली. पहिल्याच घासाला यशोदेच्या जिभेवर कडू जहर पसरलं. माहेरी आई तिला या भाजीऐवजी दही वाढायची. इथे पानात टाकायची सोय नव्हती.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"कडू लागतंय."

"कडू? वेणू, तुला लागतंय का रे?"

"छे! मस्त झालीय," वेणीमाधव म्हणाला आणि त्यानं आणखी मागून घेतली.

"माहेरचे लाड आहेत हे," माई म्हणाल्या. "सगळे खातात ते तुलाही खाता येईल."

यशोदेनं श्वास रोखून, पाण्याच्या घोटाबरोबर ती भाजी गिळली. पुढे पंधरा वर्षं ती तसंच करत आली. वेणीमाधवला मुळा जीव की प्राण. हंगामात तो आठवड्यातून तीनदा जुडी आणायचा. एकदा, दिवस गेलेले असताना, तिला उलटी झाली. तेव्हा माईंनी परसात येऊन तिची पाठ चोळली, चूळ भरायला पाणी दिलं, आणि संध्याकाळी पुन्हा तीच भाजी वाढली.

उन्हाळ्यात आड आटला की पाणी दुसऱ्या विहिरीचं यायचं. यशोदेला पहिल्याच घोटाला कळायचं. "पाणी ते पाणी," असं म्हणून सगळे हसायचे. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. आपल्या जिभेतच काही खोड असावी, असं तिलाही वाटू लागलं. तिशी गाठायच्या आत ती थकल्यासारखी दिसायची. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि पटकन उठायची.

सदतीस साली भाऊबिजेला तिचा धाकटा भाऊ शरच्चंद्र आला. तो पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. जेवताना यशोदेची दहा वर्षांची प्रभा भाजीवरून रडत होती आणि माई तिला दटावत होत्या. शरच्चंद्रानं ते पाहिलं. जेवणं झाल्यावर त्यानं पाकिटातून कागदाच्या बारीक पट्ट्या काढल्या.

"हा कागद एका औषधात भिजवून वाळवलाय," तो म्हणाला. "अमेरिकेत एका प्रयोगशाळेत या औषधाची भुकटी उडाली. एकाला ती कडू लागली, शेजारच्याला काहीच लागली नाही. माणसागणिक जीभ वेगळी असते. जन्मतःच. जिभेवर ठेवून बघा."

वेणीमाधवनं पट्टी चघळली. "नुसता कागद आहे की!"

प्रभानं ठेवली आणि थू थू करत मोरीकडे पळाली. यशोदेनंही ठेवली. तीच चव. डोळ्यांत पाणी येऊन ती म्हणाली, "शरू, हेच रे. हेच."

"मग अक्का, तुझी काही चूक नाही. काही भाज्यांतही याच जातीचा कडूपणा असतो. तो यांना कळतच नाही."

"आण इकडे," माई म्हणाल्या. "औषधाला विटाळ नसतो."

त्यांनी पट्टी जिभेवर ठेवली. चेहरा जराही हलला नाही. घशाची शीर तेवढी ताठ झाली. "मला नाही बाई काही लागलं," म्हणत त्या उठून आत गेल्या. पण ते गिळणं यशोदेनं ओळखलं. तिचं स्वतःचंच होतं ते.

दुपारी पुरुषमाणसं लवंडल्यावर ती माजघरात गेली. माई ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

"माई, तुम्हाला लागलं कडू."

सुपाचा आवाज थांबला. "लागलं."

"आणि मुळा?"

"तोही. अकरा वर्षांची आले या घरात. तेव्हापासून."

"मग मला का हो..."

"मला काय ठाऊक, गं?" माईंचा आवाज चिरका झाला. "मला वाटायचं, सगळ्यांनाच तसं लागतं, वेणूला ते आवडतं एवढंच. बाकी सगळे मुकाट गिळतात आणि तू एकटीच तोंड वाकडं करतेस. राग यायचा मला तुझा."

यशोदा त्यांच्याशेजारी बसली. भांडावं, निदान रडावं, असं काही तिला होईना. तिनं ज्वारीतले खडे वेचायला घेतले.

शरच्चंद्र दुसऱ्या दिवशी गेला. मुळा घरात येतच राहिला, कारण वेणीमाधवला तो हवाच असायचा. "तुमच्या जिभा तुमच्यापाशी," तो हसून म्हणायचा. मात्र प्रभाच्या पानात माई तो वाढत नसत, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नसे.

मार्गशीर्षात एका दुपारी दोघीच जेवायला बसल्या होत्या. माईंनी अचानक विचारलं, "तुला काय आवडतं गं खायला?"

यशोदेचा हात घासाशी थांबला. ती पुष्कळ वेळ विचार करत राहिली.

"नाही आठवत, माई," ती शेवटी म्हणाली.

"हं," माई म्हणाल्या. "मलाही कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं."

मग त्यांनी ताकाचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि दोघी जेवू लागल्या.